त्यात 'अकस्मात' काय आहे?

'कपडे वाळत घालताना विजेचा धक्का; महिलेचा मृत्यू.'

ही बातमी कुठल्या गावची आणि कुठल्या तारखेची, हे मुद्दामच लिहीत नाही. जून ते सप्टेंबरमधला कुठलाही आठवडा घ्या, जिल्हा पानावर कुठल्या ना कुठल्या तालुक्याच्या नावाने ही बातमी सापडते. गाव बदलतं, वय बदलतं. कधी एकटी बाई असते. कधी तिला सोडवायला धावलेला पोरगा आणि त्याच्या मागोमाग बापसुद्धा. एप्रिल-मेमध्ये हीच बातमी कुलरच्या नावाने येते आणि थंडीत पाणी तापवायच्या रॉडच्या नावाने. शेवटचं वाक्य मात्र बारा महिने एकच असतं : 'पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे.'

वीसेक वर्षं तालुक्याच्या ठिकाणी पत्रकारिता करतोय. आज या एका शब्दाबद्दल लिहायचं आहे. पोस्ट लांब आहे, पण पावसाळा तोंडावर आहे आणि विषय तुमच्या-माझ्या घरातला आहे. वेळ काढून वाचा.

'अकस्मात मृत्यू' हा पोलिसांचा शब्द. नोंद त्याच नावाने होते, त्याबद्दल त्यांच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते हा शब्द ठाण्याच्या रजिस्टरमधून उठून आपल्या डोक्यात येऊन बसला त्याच्याशी. घरात माणूस गेला की शेजारी म्हणतात, काळ आला होता. नातेवाईक म्हणतात, तिची वेळ भरली होती. पुढारी येतात, सांत्वन करतात, 'दुर्दैवी घटना' म्हणतात. आणि ज्या तारेने माणूस मारला ती तार तेराव्यापर्यंत तशीच त्या पत्र्यावर लोंबकळत असते. आपल्या तालुक्यात हे मी दोनदा डोळ्यांनी पाहिलंय.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल पाहा. २०१८ ते २०२१ या काळात देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी १२ हजारांहून जास्त माणसं गेली. म्हणजे दिवसाला तीसपेक्षा जास्त. यात शेतातले, लाइनीवरचे अपघातही आले, सगळे घरातले नाहीत. पण रोज इतकी माणसं एकाच कारणाने मरत असतील तर त्याला 'अकस्मात' कसं म्हणायचं?

पत्र्यात करंट येतो कुठून?

आधी हे समजून घेऊ. कारण निम्म्या लोकांना अजून वाटतं की पावसाने पत्रा ओला झाला म्हणून त्यात करंट उतरला. नुसत्या पावसाने पत्र्यात करंट येत नाही. कुठेतरी उघडी पडलेली तार त्याला टेकलेली असते.

खांबावरून घरात येणारी ती काळी वायर, आपण तिला सर्व्हिस वायर म्हणतो. ही वायर स्वतःच्या जिवावर हवेत लटकण्यासाठी बनवलेली नसते. तिला आधार लागतो. म्हणून शेजारून एक जीआय तार ताणून घ्यायची, ती दोन्ही टोकांना पक्की बांधायची आणि सर्व्हिस वायर तिला ठरावीक अंतरावर क्लिपा मारून अडकवायची. ओढ सगळी जीआय तारेवर आली पाहिजे. वायरवर ओढ आली की ती ताणते, झोल पडतो, आणि झोल पडलेली वायर वाऱ्याने हलायला लागते.

आता आपल्या वस्तीतलं चित्र आठवा. वायर खांबावरून निघते, मध्ये शेजाऱ्याच्या पत्र्यावर टेकते, तिथून लोखंडी अँगलला एक वेढा, मग भिंतीतल्या खिळ्याला वेढा आणि मग घरात. जीआय तार नाही, किंवा आहे ती गंजून तुटलेली. पत्र्याची कड सुरीसारखी असते. वर्षभर वारा वायरला त्या कडेवर घासतो. वरून विदर्भ-मराठवाड्यातलं ऊन. पाच-सात उन्हाळ्यांत वायरचं वरचं आवरण कडक होतं, त्याला तडे जातात. आतली तार पत्र्याला लागते. पत्रा अँगलला जोडलेला, अँगल खांबाला, आणि त्या लोखंडी खांबाला कपडे वाळत घालायची तार बांधलेली. तीही लोखंडीच, कारण दोरी कुजते, तार टिकते.

कोरड्या दिवसांत कदाचित कुणाला कळतही नाही. पहिला पाऊस होतो, जमीन ओली होते, आणि अनवाणी पायाने बाई ओलं लुगडं त्या तारेवर टाकते.

यात अकस्मात काय आहे, सांगा. ही गोष्ट पाच-सात वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडत होती.

आणि कायद्याला हे माहीत नव्हतं असंही नाही. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत नियम ७९ होता. कमी दाबाची वायर छपरावरून जात असेल तर तिच्यात आणि छपराच्या सर्वांत उंच भागात २.५ मीटर अंतर हवं. बाजूने जात असेल तर १.२ मीटर. एवढं अंतर शक्य नसेल तर? तर वायर पुरेशा इन्सुलेशनची हवी, ती ठरावीक अंतरावर धातूच्या क्लिपांनी एका आधाराच्या तारेला अडकवलेली हवी, ती आधाराची तार अर्थ केलेली हवी, आणि किमान ३५० किलोचा ताण सोसणारी हवी. २०१०च्या नव्या नियमावलीतही हीच तरतूद कायम राहिली.

'अर्थ केलेली' हा शब्द परत वाचा. वायरचं आवरण फाटून ती आधाराच्या तारेला लागली तर करंट जमिनीत जावा, माणसाच्या अंगातून जाऊ नये, म्हणून ही सोय. सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी हा सगळा विचार करून कागदावर लिहून ठेवला. आपल्या गल्लीत किती घरांची आधाराची तार अर्थ केलेली आहे, जरा बघून या. मी आमच्या वॉर्डातल्या चाळीसेक घरांसमोर उभा राहून पाहिलं. आधाराची तार निम्म्या घरांना होती. अर्थ केलेली एकही दिसली नाही.

एक पॉइंट, एक बल्ब, आणि त्यावर अख्खं घर

आता घरात येऊ.

सप्टेंबर २०१७मध्ये केंद्राची सौभाग्य योजना आली. गरीब घरांना फुकट कनेक्शन. ही योजना वाईट होती असं मी अजिबात म्हणणार नाही. ज्या घरात चिमणीवर अभ्यास चालायचा तिथे उजेड आला, याचं मोल मोठं आहे. पण त्यात काय मिळालं? सर्व्हिस वायर, मीटर, एका पॉइंटचं वायरिंग आणि एलईडी बल्ब. एक पॉइंट.

त्यानंतर त्या घरात टीव्ही आला, फ्रिज आला, कुलर आला, मोबाइलचे चार चार्जर आले, नळ येण्याच्या दिवशी लावायचा टिल्लू पंप आला. एका पॉइंटचे आठ पॉइंट झाले. ते कुणी केले? घरातल्याच कुणीतरी. होल्डरमध्ये टू-पिन खोचून, बाजारातली सर्वांत स्वस्त वायर आणून, सांधा पिळून, वर काळी टेप गुंडाळून. वायर भिंतीवर खिळा वाकवून अडकवलेली. खिळा वायरच्या दोन तारांमधून गेला तर? जातोच कधी कधी.

सौभाग्यच्या घरापुरतं हे नाही. बंगल्यातही तेच चालतं, फक्त भिंतीच्या आत. दिसत नाही एवढाच फरक. साधा हिशेब करा. पाणी तापवायचा रॉड १५०० वॅटचा. २३० व्होल्टवर तो साडेसहा अँपिअर घेतो. आपण तो लावतो कुठे? ट्यूबलाइटच्या बोर्डावरच्या सहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये, जिथे मागे १ चौरस मिलिमीटरची वायर आहे. रॉडला, गिझरला, इस्त्रीला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट आणि मागे किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. एसीला ४ ची. हे वायरमनला माहीत असतं. घरमालकाला सांगितलं तर तो म्हणतो, "एवढी जाड कशाला? चालतंय ना."

चालतं. म्हणूनच तर पंचाईत आहे. वीज चुकीच्या फिटिंगमध्येही चालते. नळ चुकीचा बसवला तर लगेच गळतो, दार चुकीचं बसवलं तर लागत नाही. वायरिंग चुकीचं केलं तरी बल्ब लागतो, पंखा फिरतो. चूक कळते ती थेट जळका वास आला की, नाहीतर माणूस चिकटला की.

आणि मधल्या काळात ती इशारे देत असते. "आमचा कुलर थोडा मारतो, चप्पल घालून हात लावा." हे वाक्य तुम्ही ऐकलंय ना? मी तर कितीतरी घरांत ऐकलंय. पाहुण्याला चहा विचारावा इतक्या सहजपणे सांगतात. फ्रिजच्या दाराला मुंग्या येतात, नळाला झिणझिण्या येतात, मिक्सर झटका देतो. घरातली सगळी मोठी माणसं त्या झटक्याला सरावलेली असतात. सरावलेली नसतात ती सुट्टीत आलेली भाचरं.

एमसीबी आहे ना आमच्याकडे!

हा सगळ्यात मोठा गैरसमज. नवीन घर दाखवताना लोक बोर्डाचं झाकण उघडून दाखवतात. "सगळ्या एमसीबी टाकल्यात. शॉकची भीतीच नाही."

एमसीबी वायरला वाचवते. माणसाला वाचवण्यासाठी ती नाहीच. वायरमधून तिच्या कुवतीबाहेर करंट गेला, किंवा फेज-न्यूट्रल एकमेकांना चिकटले, तर ती पडते. माणसाच्या हृदयाचा ताल बिघडवायला एका अँपिअरचा दहावा भागसुद्धा पुरतो. म्हणजे ३२ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने माणूस चिकटलाय ही घटनाच घडलेली नसते. तिच्या हिशेबात घरात एक छोटा बल्ब लागलाय.

किटकॅट फ्यूजबद्दल तर बोलायलाच नको. त्यात फ्यूजची बारीक तार असायला हवी. आपल्याकडे त्यात वायरचे चार-पाच ताणे पिळून घातलेले असतात, "सारखा उडतो म्हणून."

माणसाला वाचवणारी वस्तू वेगळी आहे. तिचं नाव आरसीसीबी. जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. तिचं काम सोपं आहे : फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. आला नाही, म्हणजे मध्ये कुठेतरी जमिनीत चाललाय, कदाचित कुणाच्या तरी अंगातून. हा फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत गेला की सेकंदाच्या छोट्याशा भागात ती पूर्ण घराची वीज तोडते. ३० मिलिअँपिअर म्हणजे ०.०३ अँपिअर. ३२ अँपिअरची एमसीबी ज्याच्याकडे ढुंकून बघत नाही, त्याच्या हजाराव्या भागाला ही पडते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१०च्या सुरक्षा नियमावलीत घरगुती जोडणीसाठी हीच ३० मिलिअँपिअरची मर्यादा लिहिलेली होती. पण लहान भाराच्या जोडणीला त्या सक्तीतून सूट. माझा आक्षेप इथे आहे. ज्याच्या घरी एसी, गिझर, टाइल्स, रबरी चपला आणि सिमेंटचं छत आहे त्याला सक्ती. ज्याच्या घरी पत्रा, ओली जमीन आणि लोखंडी तार आहे त्याचा भार कमी म्हणून त्याला सूट. धोका भारावर ठरतो की घरावर? हा नियम लिहिताना शॉक कुणाला लागतो याचा विचार झालेला दिसत नाही.

चांगल्या कंपनीची आरसीसीबी दीड-दोन हजारांच्या घरात येते. बसवायला तासाभराचं काम.

अर्थिंग : कागदावर आहे, जमिनीत नाही

थ्री-पिनच्या वरचं मोठं भोक कशासाठी असतं? कुलरचा, फ्रिजचा, मोटारीचा पत्र्याचा सांगाडा त्या भोकातून जमिनीशी जोडलेला राहावा म्हणून. आत कुठे वायर सुटून सांगाड्याला लागली तर करंटला जमिनीची वाट मिळावी.

आपल्याकडे त्या भोकात पिन जाते, पण मागे वायरच नसते. किंवा हिरवी वायर बोर्डापर्यंत येते आणि तिथे गुंडाळून ठेवलेली असते, कारण खड्डाच खोदलेला नाही. त्याहून भयंकर म्हणजे काही ठिकाणी ती न्यूट्रललाच जोडून देतात. दिसायला सगळं ठीक. पण खांबाकडून येणारी न्यूट्रल तुटली की त्या घरातल्या प्रत्येक उपकरणाचा सांगाडा एकदम जिवंत होतो.

आणि नुसतं अर्थिंग करूनही काम संपत नाही, हे लक्षात घ्या. समजा खड्डा बरा आहे, रोध १० ओहम आहे. २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर जमिनीत जाईल. ३२ ची एमसीबी त्यावर पडणार नाही. म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही लागतं, बैलजोडीसारखं. एकाने नांगर ओढला जात नाही.

टेस्ट न करता टेस्ट रिपोर्ट

आता दुखऱ्या जागेवर येतो. नवीन कनेक्शनच्या अर्जाला परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्याचा अर्थ असा की त्या माणसाने, किंवा त्याच्या माणसाने, घरात येऊन मेगर लावला, इन्सुलेशन तपासलं, अर्थिंगचं रीडिंग घेतलं आणि मग सही केली.

ज्यांनी गेल्या दहा वर्षांत घर बांधलं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावं, तुमच्या घरात मेगर कधी पाहिला? फिटिंग करणारा एक, परवाना दुसऱ्याचा, सही तिसरीकडे, आणि कागद शंभर-दोनशे रुपये जास्त देऊन दुकानातून हातात. अनेक ठिकाणी अशीच पद्धत पडून गेलीय. सगळे ठेकेदार असे नाहीत. आपल्याच गावात एक जण आहेत, जे रीडिंग न घेता सही करत नाहीत. लोक त्यांना 'फार नखरे करतो' म्हणतात आणि दुसऱ्याकडे जातात.

मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची आणि मीटरपुढची ग्राहकाची, हे सगळ्यांना पाठ आहे. अपघात झाला की पहिला वाद याच रेषेवरून होतो. तार मीटरच्या अलीकडे होती की पलीकडे? अलीकडे असेल तर नुकसानभरपाईचा विचार होतो. पलीकडे असेल तर घरच्यांनाच दोष. पण ग्राहकाने ती जबाबदारी ज्याच्या सहीवर विश्वास ठेवून घेतली, तो सही करणारा या वादात कुठेच नसतो. त्याला कुणी बोलावत नाही.

विद्युत कायदा २००३, कलम १६१. वीजपुरवठ्याशी किंवा विजेच्या वापराशी संबंधित अपघातात माणूस मेला तर त्याची सूचना विद्युत निरीक्षकाला द्यायची असते आणि शासन चौकशी करायला लावू शकतं. 'वापर' हा शब्द कायद्यात आहे, म्हणजे घरातला अपघातही त्यात आला. मग या चौकशीतून काय निघालं, दोष कुणाचा, ते त्या कुटुंबाला कळतं का? मी ज्या घरांत गेलो, त्यातल्या एकाही घराने असा अहवाल हातात पडल्याचं सांगितलं नाही.

९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागली, दहा बाळं गेली. सगळा महाराष्ट्र हादरला. राज्यभरातल्या रुग्णालयांचं ऑडिट करण्याचे आदेश निघाले. बरोबरच होतं ते. पण घरोघरी एकेक माणूस जातो तेव्हा कसलंच ऑडिट होत नाही, कारण एका माणसाची हेडलाइन छोटी असते.

वायरमनची बाजू

सगळं खापर वायरमनवर फोडणं सोपं आहे. आमच्याकडचे एक जुने वायरमन आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स, परवाना, तीस वर्षांचा अनुभव. त्यांना विचारलं, मामा, अर्थिंग का होत नाही? ते म्हणाले, "भाऊ, घर बांधणारा माणूस वायरिंगपर्यंत येतो तेव्हा त्याचे पैसे संपलेले असतात. पण फरशी आणि पीओपीचे बाकी असतात. मला विचारतो, पॉइंटला किती घेता? मी सांगितलं की म्हणतो, तो दुसरा वीस रुपये कमी घेतो. आता वीस रुपये कमी घेणारा काय करतो? वायर पातळ टाकतो, पाइपात जागा नसताना कोंबतो, सॅडल चार फुटांवर मारतो आणि खड्डा खोदत नाही. मालक खूश. लाइट लागला ना!"

मामांचं खरं आहे. आपण वायरिंगचा दर विचारतो, वायरिंग कसं करणार ते विचारत नाही. हॉलमधल्या झुंबराला आठ हजार घालणारा माणूस आरसीसीबीचे दोन हजार 'नंतर बघू' म्हणतो. तेव्हा यात सरकार, कंपनी, ठेकेदार यांच्यासोबत आपणही बसलोय.

"गरिबाला कुठून परवडणार?"

हा प्रश्न येणारच. आणि तो बरोबर आहे. रोजंदारीवरच्या माणसाला दोन हजार म्हणजे चार-पाच दिवसांची मजुरी. म्हणून ही गोष्ट एकेकट्याच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही. माझं म्हणणं असं :

एक. घरकुल योजनेत सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार मिळतात. त्यावर अर्थिंग आणि आरसीसीबीचे वेगळे पैसे द्या, आणि शेवटचा हप्ता सोडताना छताच्या फोटोसोबत या दोन गोष्टींचाही फोटो घ्या. संडास बांधल्याचा फोटो घेता येतो, तर खड्डा खोदल्याचाही घेता येईल.

दोन. लहान भाराच्या जोडणीला असलेली आरसीसीबीची सूट काढा, आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना ती मीटरसोबत बसवून द्या. मीटर कंपनी देतेच. त्याच पेटीत आणखी एक वस्तू.

तीन. टेस्ट रिपोर्टवर रीडिंगसोबत मेगर लावल्याचा त्या घरातला फोटो हवा, आणि ठेकेदाराचा परवाना क्रमांक मीटरच्या पेटीवर रंगवलेला हवा. गॅसच्या शेगडीच्या रबरी नळीवर मुदत छापलेली असते. घरातल्या विजेच्या फिटिंगवर निदान करणाऱ्याचं नाव तरी असू दे.

चार. पावसाळ्याआधी लाइनीवरच्या फांद्या तोडतात, तसंच मे महिन्यात पत्र्याच्या घरांच्या सर्व्हिस वायरची पाहणी करा. वॉर्डातला नगरसेवक किंवा ग्रामपंचायत सदस्य सोबत फिरला तर आठवड्यात वॉर्ड होतो. टेकलेली वायर उचलून जीआय तारेला बांधायला आणि ती तार अर्थ करायला लाखांचं टेंडर लागत नाही. लाइनमन कमी आहेत हे मलाही माहीत आहे. कंत्राटी पोरं जिवावर उदार होऊन खांबावर चढतात. त्यांची भरती हा वेगळा विषय आहे, त्यावर परत लिहीन.

पाच. आम्हा पत्रकारांसाठी. यापुढे अशा प्रत्येक बातमीत चार प्रश्न असले पाहिजेत. वायर कुठे टेकली होती? घराला अर्थिंग होतं का? आरसीसीबी होती का? टेस्ट रिपोर्टवर सही कुणाची होती? ही चार उत्तरं छापली गेली तर 'अकस्मात' हा शब्द वाचकालाच खटकायला लागेल. मी या पावसाळ्यापासून हे चार प्रश्न विचारणार आहे आणि मिळालेली उत्तरं, किंवा न मिळालेली उत्तरं, इथे लिहिणार आहे.

तोपर्यंत या रविवारी

सरकार करील तेव्हा करील. तुम्ही एवढं करा.

कपडे वाळत घालायची लोखंडी तार आजच सोडा. तिथे नायलॉनची दोरी बांधा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी करायचं काम हेच.

अंगणात उभं राहून खांबापासून मीटरपर्यंतची वायर नजरेने तपासा. हात लावू नका, शिडी लावू नका. पत्र्याला, अँगलला, झाडाला टेकली असेल तर १९१२ वर तक्रार करा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा आणि ऑफिसात लेखी अर्जही द्या, पोच घेऊन.

कुठलंही उपकरण 'थोडं मारत' असेल तर ते आजपासून बंद. चप्पल घालून वापरणं हा उपाय नाही.

कुलरमध्ये पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिनसुद्धा काढा. टिल्लू पंपाची वायर पाण्यातून, नालीतून नेऊ नका. रॉड बादलीत असताना पाण्यात बोट घालून बघू नका.

आरसीसीबी असेल तर तिच्यावर टेस्टचं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. वीज गेली पाहिजे. नाही गेली तर ती नुसती शोभेची वस्तू आहे, बदला. नसेल तर परवानाधारक वायरमनला बोलवा आणि अर्थिंग व आरसीसीबी, दोन्हीचं विचारा. दर नंतर विचारा.

आणि एक गोष्ट घरातल्या लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवा. कुणी चिकटलं तर त्याला हात लावायचा नाही, अगदी आई असली तरी. आधी मेन स्विच बंद. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला ढकलून वेगळं करा. मग १०८. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध जोरात आणि भरभर दाबत राहा, गाडी येईपर्यंत. एका घरातून दोन-तीन तिरड्या निघतात त्या याच एका गोष्टीमुळे. प्रेमापोटी धावतात माणसं.

मेन स्विच कुठे आहे, हे तुमच्या घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे का? आत्ता, फोन खाली ठेवून, विचारून बघा.